बेचाळीस शिखरं आणि मधली मोकळी जागा

बॉब ग्रॅहम राउंडच्या नियमांत शिखरं आहेत, वेळ आहे, सुरुवात आणि शेवट आहे. वाट नाही. इंग्लंडच्या वायव्य भागातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक नावाचं गाव आहे. तिथल्या बाजारपेठेतल्या मूट हॉल या जुन्या इमारतीच्या दारातून निघायचं, ठरलेल्या ४२ शिखरांना पाय लावायचे आणि २४ तासांच्या आत त्याच दारात परत यायचं. प्रत्येक शिखरावर सोबत साक्षीदार हवा. एका शिखरावरून दुसऱ्यावर कसं पोचायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

अंतर साधारण १०६ किलोमीटर आणि एकूण चढाई सुमारे ८,२०० मीटर. समुद्रसपाटीपासून कळसूबाई पाच वेळा चढावी, जवळपास तेवढी. हे आकडे 'साधारण' आणि 'सुमारे' असेच सांगावे लागतात, कारण दोन माणसं तीच ४२ शिखरं करून आली तरी दोघांची चाल सारखी भरत नाही. एकाने टेकाड ओलांडलं असेल, तर दुसऱ्याने त्याला बगल दिली असेल. एक नाळेतून उतरला असेल, तर दुसरा सोंडेवरून.

उत्तर इंग्लंडात उघड्या, गवताळ डोंगराला 'फेल' म्हणतात आणि अशा डोंगरांवर पळण्याच्या खेळाला फेल रनिंग. त्यात पाय आणि छाती लागते हे कुणालाही पटेल. पण या खेळातल्या जुन्या माणसांची बोलणी ऐकली, तर ती फिरून फिरून वाटेवर येतात. कुठून सोंडेवर चढायचं, कुठल्या दगडापाशी डावीकडे वळायचं, कुठला ओढा कुठे ओलांडायचा. ही वाट ते कशी निवडतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. आधीच सांगून टाकतो: 'सगळ्यात चांगली वाट कोणती' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कितव्या शिखरानंतर, किती वाजता, कसल्या हवेत आणि कोणाच्या पायांनी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

केझिकमध्ये अतिथिगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने १३ आणि १४ जून १९३२ रोजी ही फेरी २३ तास ३९ मिनिटांत केली. पायांत टेनिसचे बूट होते. खायला लोणी-पाव, उकडलेलं अंडं, फळं आणि गोळ्या. तयारीत तो सगळ्या डोंगरांवर आधी हिंडून आला होता, आणि बूट झिजू नयेत म्हणून त्यातलं बरंच अनवाणी, असं सांगतात. पुढची २८ वर्षं कुणालाही ती फेरी वेळेत जमली नाही. १९६० साली अ‍ॅलन हीटनने ती २२ तास १८ मिनिटांत पुरी केली. १९७१ मध्ये या फेरीचा क्लब निघाला आणि मग एकाची माहिती दुसऱ्याला मिळू लागली. १९८२ मध्ये बॉरोडेल खोऱ्यातल्या बिली ब्लंडने १३ तास ५३ मिनिटांची वेळ दिली. ती ३६ वर्षं टिकली. २०१८ मध्ये कॅटलोनियाच्या किलियन जोर्नेने १२ तास ५२ मिनिटं घेतली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॅक कुएन्झलने १२ तास २३ मिनिटं. बेथ पास्कलची २०२० मधली वेळ १४ तास ३४ मिनिटांची आहे. हे झाले असामान्य लोक. बहुतेकांची झुंज २४ तासांच्या काट्याशीच असते, आणि वाटेची निवड त्यांच्याच जास्त कामाची.

आता हिशेब. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला वर आणखी एक तास. उलटून पाहिलं तर त्याचा अर्थ असा, की एक मीटर चढण्याचा खर्च जवळजवळ आठ मीटर सपाट चालण्याइतका. पुढे फिलिप स्कार्फ या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने फेल शर्यतींतल्या वेळा तपासल्या. पळणाऱ्यांच्या बाबतीतही प्रमाण आठाच्याच आसपास निघालं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा, डोंगर चढता चढता बांधलेला अंदाज इतका टिकावा, याचं मला आजही नवल वाटतं.

या प्रमाणाने अख्खी फेरी मोजली, तर ८.२ किलोमीटर चढाईचे ६५ किलोमीटर होतात, त्यात १०६ मिळवले की सपाटीवरचे १७१ किलोमीटर. ते २४ तासांत म्हणजे ताशी सात किलोमीटरहून थोडं जास्त, खाणंपिणं आणि बूट बदलणं धरून. पण प्रमाणाचा खरा उपयोग छोट्या निर्णयांत होतो. समोर पन्नास मीटरचं टेकाड आहे, त्याच्या कमरेवरून आडवं जाता येतं. आडव्या वाटेने अंतर चारशे मीटरपेक्षा कमी वाढत असेल तर आडवं जावं. त्याहून जास्त वाढत असेल तर सरळ टेकाड चढावं. नकाशा पुढ्यात घेऊन घरी बसल्या बसल्या असे शेकडो हिशेब मांडता येतात, आणि लोक मांडतातही.

डोंगरावर गेलं की हा हिशेब डगमगू लागतो. तो धरून चालतो की पायाखालची जमीन सगळीकडे सारखी आहे. स्किडॉवरून ग्रेट कॅल्व्हाकडे जाताना हेदरची झुडपं आहेत. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या या चिवट झुडपांतून पाय उचलून टाकावा लागतो. नकाशात दोन शिखरांना जोडणारी सरळ रेघ इथे सगळ्यात महाग पडते. हेदरमधून मेंढ्यांनी आणि धावणाऱ्यांनी पाडलेल्या अरुंद पायवाटा आहेत. त्यातली नेमकी सापडली तर पाय मोकळा पडतो, आणि दहा पावलं बाजूला चुकली तर झुडपांशी कुस्ती. यूबॅरो शिखराच्या उतारावर उन्हाळ्यात नेच्यांचं रान छातीपर्यंत माजतं. एप्रिलमध्ये पाहून ठेवलेली सुरेख सरळ वाट जुलैमध्ये तिथे नसतेच.

दुसरी अडचण चढाच्या तीव्रतेची. नागमोडी हळूहळू चढावं की नाकासमोर उभं? सह्याद्रीत घाटवाटा करणाऱ्यांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये धावपटूंना अतिशय तीव्र चढाच्या ट्रेडमिलवर चढवून पाहिलं. दर मिनिटाला मिळवायची उंची तेवढीच ठेवली, तर साधारण २० ते ३५ अंशांच्या चढावर शरीराचा खर्च सर्वांत कमी येतो, असं दिसलं. साधारण १५ अंशांच्या पुढे पळण्यापेक्षा चालणंच स्वस्त पडतं, हेही दिसलं. बॉब ग्रॅहमवाले हे अनुभवाने आधीपासून करत आले आहेत. डनमेल रेझ या खिंडीतून स्टील फेलवर ते गवताच्या उभ्या उतारावरून जवळजवळ नाकासमोर चढतात, हात मांड्यांवर, मान खाली. चढ असा निवडावा की जोर मांडीच्या मोठ्या स्नायूंनी लावता येईल आणि टाच मधूनमधून जमिनीला टेकेल. सतत चवड्यावर राहावं लागलं तर पोटऱ्या भरून येतात, आणि पोटऱ्यांची गरज पुढे अजून कित्येक तास असते.

उताराचं गणित वेगळं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि त्यांच्या तंतूंची झीज होते ती मुख्यतः तिथेच. ती झीज लगेच कळत नाही. सहा-आठ तासांनी कळते. म्हणून फेरीच्या टप्प्यांपैकी पहिल्यातली उतरणीची निवड चौथ्या टप्प्याला भोगावी लागते. ब्लेनकॅथ्राच्या माथ्यावरून थ्रेल्केल्ड गावाकडे उतरायला तीन-चार पर्याय आहेत. हॉल्स फेलची खडकाळ, अरुंद धार अगदी थेट गावात आणून सोडते. डॉडिक फेलची सोंड लांबची पण सौम्य. एका बाजूला गवत आणि घसाऱ्याची एक उभी घळ आहे, तिला धावणाऱ्यांनी 'पॅराशूट' असं नाव दिलं आहे. कोरड्या हवेत, दिवसाउजेडी हॉल्स फेल उत्तम. पण तो खडक ओला झाला की कमालीचा निसरडा होतो.

इथे घड्याळ मध्ये येतं. जूनअखेरीस केझिकमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारला उगवतो. कुणी संध्याकाळी सातला निघालं तर ब्लेनकॅथ्राचा माथा येतो तेव्हा उजेड संपत आलेला असतो आणि हॉल्स फेलची धार अंधारात उतरावी लागते. मध्यरात्रीनंतर एकला निघालं तर त्याच धारेवर पहाटेचा उजेड असतो, पण दव पडलेलं असतं. उलट, एकला निघणाऱ्याचा शेवट दुसऱ्या मध्यरात्रीच्या आगेमागे होतो, म्हणजे पेंगुळलेल्या अवस्थेतली शेवटची उतरण अंधारात. निघण्याची वेळ ठरवली की निम्म्या वाटा आपोआप ठरतात, असं मला दिसतं. नवखे लोक आधी वाटा ठरवतात आणि वेळ मागून, सोबत्यांच्या सोयीने. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

दुसरा टप्पा थ्रेल्केल्डहून डनमेल रेझपर्यंत. क्लफ हेडचा उभा चढ एकदा संपला की हेल्वेलिनपर्यंत गवताळ, रुंद माथा आहे. इथे वाट सोपी, आणि धोका त्या सोपेपणातच आहे. हेल्वेलिनच्या पुढे पर्यटकांची मळलेली वाट नेदरमोस्ट पाइक आणि डॉलीवॅगन पाइक यांच्या माथ्यांना पश्चिमेकडून बगल देऊन जाते. ती इतकी पळण्याजोगी आहे की धुक्यात माणूस तिच्यावरून सुसाट निघून जातो आणि शिखर राहून जातं. ४२ मधलं एक सुटलं तर फेरी धरत नाहीत. डॉलीवॅगनवरून खाली ग्राइझडेल टार्न या तळ्याकडे उतरताना बांधीव दगडी वाट नागमोडी जाते. जाणते ती सोडतात आणि कुंपणाच्या जुन्या खांबांची रांग धरून गवतावरून सरळ तळ्याशी येतात. खांब म्हणजे लोखंडाचे गंजके तुकडे, काही वाकलेले, काही नुसते बुंधे. पण रात्री विजेरीच्या उजेडात पुढचा खांब दिसला की वाट बरोबर आहे हे कळतं, आणि त्या वेळी ही खात्री दोन मिनिटांच्या बचतीपेक्षा मोलाची असते.

धुक्यातली वाट अशीच निवडायची. जिथे हाताशी धरायला काही आहे, भिंत, कुंपण, ओढा, धारेची कड, तिथून जायचं, मग थोडं लांब पडलं तरी चालेल. ग्रेट कॅल्व्हावरून कॉल्ड्यू नदीकडे उतरतानाही कुंपण असंच सोबत करतं. स्वच्छ हवेतली आणि धुक्यातली अशा दोन वाटा प्रत्येक अवघड ठिकाणी मनात तयार हव्यात. आयत्या वेळी दुसरी शोधू लागलं तर गोंधळ ठरलेला.

तिसरा टप्पा सर्वांत लांब. पंधरा शिखरं आहेत आणि खेळाची सगळी कला इथे एकवटलेली आहे. रॉसेट पाइकवरून बोफेलकडे जायचं तर रुळलेली वाट एंगल टार्नवरून ओअर गॅप या खिंडीत चढते, तिथून बोफेलला जाऊन त्याच वाटेने परत. याला पर्याय म्हणून बोफेलच्या कड्याच्या अंगावरून तिरकी चढत जाणारी एक पट्टी आहे. बिली ब्लंडच्या नावाने ती ओळखली जाते. त्या पट्टीने गेलं तर माथ्यावर थेट पोचता येतं आणि जाऊन-येऊन करण्यातली एक खेप वाचते. फक्त तिचं तोंड सापडलं पाहिजे. तोंड हुकलं, तर माणूस थोडा वर किंवा थोडा खाली कड्यांत जाऊन अडकतो आणि वाचवलेली मिनिटं व्याजासकट परत द्यावी लागतात. ब्लंड बॉरोडेल खोऱ्यात वाढलेला, दगडकामावर पोट असलेला माणूस. त्याच्या लेखी ही रोजच्या पायाखालची जागा होती. बाहेरच्या माणसाला ती दोन-तीनदा दिवसाउजेडी, कुणी दाखवणारा सोबत घेऊन चढावी लागते.

आणि मग मिकलडोर. ९७८ मीटर उंचीचं स्कॉफेल पाइक हे इंग्लंडातलं सर्वोच्च शिखर आणि शेजारचं ९६४ मीटरचं स्कॉफेल यांच्यामधली ही अरुंद खिंड. दोन माथे हाकेच्या अंतरावर वाटतात. पण मध्ये स्कॉफेलचा कडा सरळ उभा आहे. इथे तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली ब्रॉड स्टँड. खिंडीतून सरळ कड्याला भिडायचं, एका अरुंद चिरेतून अंग तिरपं करून आत शिरायचं, पुढे उतरत्या कातळाची पायरी, आणि मग खांद्याएवढ्या उंचीचा गुळगुळीत कोपरा, ज्याला धड पकड नाही. खाली खोल दरी. अंतर सर्वांत कमी, पण धोका खरा. इथे अपघात झालेले आहेत, माणसंही दगावली आहेत. १८०२ च्या ऑगस्टमध्ये कवी सॅम्युएल टेलर कोलरिज पुढे काय आहे हे न जाणता याच कातळावरून एकेक टप्पा लोंबकळत उतरला होता. फेरीवाले सहसा दोर लावतात, आणि दोर लावायचा तर दोर घेऊन कुणीतरी आधीच तिथे बसलेलं हवं. सोबती वाऱ्यात तासभर कुडकुडत बसलाय आणि धावणारा उशिरा येतोय, किंवा धावणारा वेळेआधी आलाय आणि दोर अजून खालीच आहे, असे दोन्ही प्रकार होऊ शकतात. तेव्हा ब्रॉड स्टँडची किंमत मांडताना त्या माणसाचा दिवसही मोजला पाहिजे.

दुसरी लॉर्ड्स रेक. कड्याच्या पायथ्याशी थोडं उतरून घसाऱ्याने भरलेल्या तिरक्या नाळेत शिरायचं आणि मध्येच डावीकडे फुटून कड्याच्या पश्चिम भिंतीवरच्या आडव्या पट्टीने वर निघायचं. तांत्रिक काही नाही, पण दगड सुटे आहेत. या नाळेत कित्येक वर्षं एक प्रचंड शिळा अडकून होती आणि तिच्याखालून जावं लागे. मग ती कोसळली. पुढे चढणाऱ्याच्या पायाखालचा धोंडा मागच्याच्या डोक्यात बसू शकतो, म्हणून चमू मोठा असेल तर ही वाट मला पटत नाही.

तिसरी फॉक्सेस टार्नची. खिंडीतून एस्कडेल खोऱ्याच्या बाजूला बरंच खाली उतरायचं, मग ओढ्याच्या दगडी घळीतून चढून चिमुकल्या तळ्यापाशी यायचं, तिथून माथा. नेस्मिथच्या हिशेबाने ही वाट तोट्याची, कारण कमावलेली उंची गमावून ती पुन्हा मिळवायची. तरी बहुतेकांना मी हीच सुचवेन. मिकलडोरला पोचेपर्यंत शरीर बारा तासांहून जास्त राबलेलं असतं. झोप नाही, पोट बिघडलेलं, हात गार. ताज्या अंगाने शनिवारी सकाळी ब्रॉड स्टँड दोनदा चढून पाहिलेला माणूस आणि एकोणतिसाव्या शिखरावरून आलेला तोच माणूस, यांची पकड सारखी नसते. वाचणारी मिनिटं पाहिजेतच असतील, तर ती कड्यावर मिळवण्यापेक्षा आधीच्या टप्प्यांवर उगाच रेंगाळणं टाळून मिळवावीत.

स्कॉफेलवरून वॉस्डेल हेड या वस्तीकडे उतरताना मात्र घसारा उपकारक ठरतो. बारीक, खोल घसाऱ्यात टाच रुतवत घसरत उतरलं की दगडच भार झेलतात आणि मांड्यांना विसावा मिळतो. पण सगळा घसारा तसा नसतो. जिथे वरचे बारीक दगड वर्षानुवर्षांच्या पायांनी वाहून गेले आहेत, तिथे खाली कडक माती उघडी पडली आहे आणि पाय सटकतो. दहा वर्षांपूर्वीचं वर्णन वाचून अशा ठिकाणी जाऊ नये.

वॉस्डेलला बरेच जण सोडतात. समोर यूबॅरोचा साडेपाचशे मीटरचा उभा चढ आहे आणि सोबत्यांची गाडी जवळ उभी आहे. चौथ्या टप्प्यातल्या बाकीच्या निवडी बऱ्याच सरळ आहेत. ब्लॅक सेल खिंडीतून कर्क फेलवर कुंपणाच्या खांबांशेजारून जायचं की लालसर मातीच्या घळीतून, एवढाच वादाचा मुद्दा. शेवटच्या तीन शिखरांतलं रॉबिन्सन उतरताना वाटेत खडकाच्या पायऱ्या लागतात. ठणठणीत पायांना त्या खेळ वाटतात. तेवीस तासांनंतर माणूस बसून, हातांनी आधार घेत त्या उतरतो. म्हणून काही जण धारेवरून लवकर खाली खोऱ्यात उतरून पडतात आणि न्यूलँड्सचा डांबरी रस्ता गाठतात, थोडा फेरा पडला तरी.

जमीन कोणाची, हाही प्रश्न आहे. उंचावरची मोकळी कुरणं २००० च्या कायद्याने पायी फिरणाऱ्यांना खुली झाली. पण खोऱ्यांतली बांधाआतली शेतं, मेंढपाळांच्या दगडी भिंती आणि फाटकं यांना तो हक्क लागू नाही. भिंतीवरून चढून वाचवलेली तीस सेकंदं भिंत ढासळली तर मेंढपाळाच्या अंगावर येतात. शेकडो बुटांनी एकाच ओल्या उतारावर रेघ काढली की पावसाचं पाणी तिथून वाहतं आणि दोन-चार वर्षांत ओघळ पडतो. म्हणून एखाद्या ठिकाणी जास्त रुळलेली वाट सोडून दुसरीकडून जायची विनंती झाली, तर ती मानावी. मिनिट-दीड मिनिटासाठी डोंगर खरवडू नये.

आज कुणाचाही जीपीएसचा माग डाउनलोड करून मनगटावरच्या घड्याळात घालता येतो. त्याचा उपयोग आहे, धुक्यात तर फारच. पण तो माग त्या माणसाचा, त्या हवेतला, त्याच्या पायांचा असतो. तो माणूस हॉल्स फेल उतरला तेव्हा उजेड होता की नव्हता, हे त्या निळ्या रेघेत दिसत नाही. किलियन जोर्नेसारखा जगातला अव्वल डोंगरी धावपटू २०१८ मध्ये आला, तेव्हा त्यानेही वाटेसाठी तिथल्या स्थानिक धावपटूंचीच सोबत घेतली. ते आळीपाळीने त्याच्यासोबत पळत होते.

बाकीच्यांनी काय करावं? हिवाळा संपता संपता टप्प्याटप्प्याने वाटा पाहायला जावं. पण प्रत्येक टप्पा ताज्या पायांनी पाहू नये. चौथा टप्पा आदल्या दिवशी तिसरा करून मग करावा, म्हणजे दमलेल्या पायांना कुठली वाट झेपते ते कळतं. रात्री ज्या भागातून जायचंय तो रात्रीच पाहावा. जूनमध्ये नेच्यांचं रान वाढल्यावर यूबॅरोवर पुन्हा एकदा जाऊन यावं. आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाने आपला तुकडा स्वतः चालून पाहिलेला असावा, कारण विसाव्या तासाला धावणाऱ्याच्या डोक्यात वाट राहिलेली नसते. ती सोबत्याच्या डोक्यात असावी लागते.